उडालेल्या टोप्यांची वही

सहलीहून परतून दीड महिना झाला, तसं थीम पार्कमधून आणलेलं एकेक सामान घरात मिळेल तिथे पडू लागलं. देवमाशाच्या आकाराच्या बाटलीत आता कपडे धुण्याची पावडर होती. दादाची पंखवाली टोपी सोफ्याखाली धूळ खात होती. तिकिटं, नकाशे आणि मनगटावरचे कागदी पट्टे फ्रीजवरच्या डब्यात असे कोंबले होते की झाकण काही बसत नव्हतं. आईला ते बघवेना. चार वर्षं "या सुट्टीत नक्की" म्हणता म्हणता एकदाची जमलेली दोन दिवसांची सहल! ती अशी कोपऱ्याकोपऱ्यांत विरून जाणार म्हणजे काय?

आई एका छापखान्यात बाइंडिंगचं काम करायची. सतरा वर्षं झाली होती. छापलेले कागद दुमडायचे, फर्मे लावायचे, शिवायचे, कण्याला खळ लावायची, पुठ्ठा चढवून दाबाखाली ठेवायचं. जगाची पुस्तकं तिच्या हाताखालून गेली, पण घरचं म्हणून एक पुस्तक तिने कधी बांधलं नव्हतं. एका शनिवारी तिने मालकांना विचारून जाड कागदांची उरलीसुरली चळत घरी आणली आणि जेवणाच्या टेबलावर धप्पकन ठेवली.

"सहलीचं पुस्तक करायचं," ती म्हणाली. "चार कागद दुमडून एकात एक सारले की झाला एक फर्मा. प्रत्येकाला एक. ज्याला जे आठवतं ते त्याने लिहायचं, चिकटवायचं, काढायचं. नंतर मी सगळे फर्मे एकत्र शिवणार."

"माझ्या अक्षराचं काय?" बाबांनी विचारलं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांचं अक्षर त्यांच्या मदतनिसालासुद्धा लागत नसे.

"वाचणाऱ्याचं नशीब," आई म्हणाली.

दादा तेरा वर्षांचा. त्याचा फर्मा दोन दिवसांत भरला. 'गरुडझेप' नावाच्या रोलर कोस्टरला त्याने चार पानं दिली होती आणि हात वर करून बसलेला स्वतःचा झकास फोटो काढला होता, म्हणजे चित्र. त्याचा हात चित्रकलेत चांगला होता. बाबांनी गरुडझेपेचे ब्रेक कसे लागतात यावर दोन पानं खरडली आणि तिसऱ्यावर लिहिलं, 'माझी निळी टोपी त्या गर्दीत चोरीला गेली, याचं वाईट वाटतं.' आईनेही जमेल तसं लिहिलं.

राहिली भिंगरी. सहा वर्षांची ही मुलगी घरात सरळ चालत कधी कुणाला दिसली नव्हती, म्हणून हे नाव. पण कागदांपाशी आली की ती एकदम संथ व्हायची. पेन्सिलीला टोक करायची, पुन्हा टोक करायची, आणि "उद्या लिहिते" म्हणून उठायची. आठवडा झाला तरी तिचा फर्मा कोराच.

सोमवारी आई तिला शाळेतून आणायला गेली, तर बाई फाटकापाशीच भेटल्या.

"तुमची लेक भलतीच धीट आहे हं! त्या गरुडझेपेवर तीन वेळा बसली म्हणे. पोटात गोळा कसा येतो ते वर्गाला असं सांगितलं की दोन मुलांनी पोटच धरलं."

"हो का," आई म्हणाली. शेजारी उभी असलेली भिंगरी बुटाच्या नाडीकडे बघत होती.

आईने रस्त्यात विषय काढला नाही. पण दादाही त्याच शाळेत. त्याच्या कानावर गेलं नसतं तरच नवल. संध्याकाळी बाबा घरी येऊन पाय धुताहेत तोवर त्याने तोंड उघडलं.

"आई, ही वर्गात थापा मारते. गरुडझेपेवर बसले म्हणून सांगते. बसू तरी दिलं का हिला? चार बोटं कमी पडली उंची, दारातूनच परत पाठवलं!"

भिंगरी रडली नाही. टेबलाखाली शिरून बसली, आणि तिचे दोन पाय तेवढे बाहेर राहिले.

"दादा, पुरे," बाबा म्हणाले.

"खोटं बोलली ती!"

"पुरे म्हटलं ना."

आईच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. उंची मोजायच्या पट्टीपाशी भिंगरीला थांबवलं तेव्हा सगळ्यांच्या तोंडून एकदमच निघालं होतं, "आत्या आहे ना!" आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे त्या कुठल्याच पाळण्यात बसणार नव्हत्या. बाकड्यावर पिशव्या सांभाळायला त्या, आणि त्यांच्या शेजारी भिंगरी. आणि आई? आई धावत सुटली होती. एकदा नाही, तीनदा. कुणी हात धरलेला नाही, कुणाला तहान लागलेली नाही, नुसती आपण आणि वारा. ते सुख तिला अजून आठवत होतं, आणि म्हणूनच आता टेबलाखालच्या त्या दोन पायांकडे बघून तिला अपराध्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना ती आत्यांकडे गेली. आत्या दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहायच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं ऑपरेटर होत्या. अजूनही दार उघडताना "बोला" म्हणत.

"ताई, तुमचाही फर्मा हवा पुस्तकात. सहलीतलं काही ठेवलंय का तुम्ही?"

"मी कसलं ठेवते? तुम्ही सगळे वर, मी खाली. तुमची ओझी सांभाळली, झालं." आत्या थोडं थांबल्या. "आमची ती वही आहे तेवढी. पण तिला काय सहल म्हणायचं?"

"कसली वही?"

आत्यांनी शिवणाच्या डब्यातून एक छोटी वही काढली. वर भिंगरीच्या अक्षरात एकच शब्द होता: 'पडलं.'

"गरुडझेपेचं ते मोठं वळण नव्हतं का, आमचं बाकडं बरोबर त्याच्या समोर," आत्या सांगू लागल्या. "गाडी वळणावर आली की काही ना काही खाली पडायचं. खाली जाळी होती. पोर पहिल्यांदा हिरमुसून बसली होती, मान वर करेना. मग एक टोपी उडाली. मग चप्पल. मी म्हटलं, चल, नोंद ठेवू. मला कसं, वेळ लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. वेळ मी लिहायची, वस्तू ती. जाळी साफ करणारी बाई होती, तिच्याशी हिची अशी गट्टी जमली की दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी लांब काठी हिच्या हातात दिली. म्हणाल्या, आज तू माझी सुपरवायझर."

आईने वही उघडली.

'११.२० – टोप्या दोन. लाल, पांढरी.
११.३२ – चप्पल. डावी.
११.५५ – दात.'

"दात?" आईने वर बघितलं.

"कवळी गं! अख्खी कवळी." आत्या हसता हसता गुडघा धरून बसल्या. "तू पोरीलाच विचार. ती माझ्यापेक्षा छान सांगते."

आईने पुढचं पान उलटलं. तिथे एका नोंदीला आत्यांनी वेळ लिहिली नव्हती. भिंगरीने मात्र वाकड्या ओळीत लिहिलं होतं: 'आपले लोक आले. आई हसते. घरी एवढी नाही हसत. मी टाटा केला.'

आईने ती ओळ पुन्हा वाचली. आत्या पाणी आणायला म्हणून आत गेल्या.

वही दाखवली तेव्हा भिंगरी खूश झाली नाही. "ती सहलीची नाहीये," ती म्हणाली. "ती नुसती बाकड्यावरची आहे."

"बाकडं कुठे होतं?"

"तिथेच. थीम पार्कमध्ये."

"मग?"

भिंगरीने यावर विचार केला. "पण मी बसले तर नव्हते ना कशात."

"नव्हतीस. आणि आम्ही तुझ्याबरोबर खाली नव्हतो. तिथे काय झालं ते आम्हाला कुणालाच माहीत नाही, आणि परत आल्यावर मी तुला विचारलंही नाही. चुकलंच माझं. आता सांगशील?"

रविवारी सकाळी आत्यांना बोलावलं. सगळे टेबलाभोवती बसले. दादा खुर्ची मागे सारून, एक पाय बाहेर काढून बसला होता. दोन मिनिटांत सटकायचा विचार चेहऱ्यावर दिसत होता. भिंगरी उभं राहून वाचू लागली. आधी अगदी हळू. "अकरा वीस. टोप्या दोन." मग चप्पल झाली. मग दात आले, आणि दादाचा पाय आत आला.

"दात म्हणजे? कुणाचे?"

"एका आजोबांचे. ते उतरले तेव्हा तोंडावर रुमाल होता आणि सगळ्यांना नुसतं फू फू फू म्हणत होते. कुणाला कळेना. त्यांची नात म्हणाली, आजोबांना चक्कर आली, डॉक्टर बोलवा. ते मान हलवून नाही नाही, फू फू! मी ओळखलं. मी बाईंना म्हटलं, जाळीत दात आहेत, ते यांचेच असणार. मग आम्ही काठीने काढले, नळाखाली धुतले. आजोबांनी ते लावले आणि पहिलं काय म्हणाले माहितीये?"

"काय?"

"म्हणाले, 'पुन्हा बसायचं!'"

दादा टेबलावर डोकं ठेवून हसत सुटला. बाबांना ठसका लागला. भिंगरीला आता जोर चढला होता. तिने पान उलटलं. "बारा दहा. टोपी. निळी." ती थांबली आणि बाबांकडे बघू लागली.

"निळ्या टोप्या काय, शेकडो असतात," बाबा म्हणाले.

"आतलं तुमचं नाव खालून दिसत होतं, बाबा. पण ती झाडात अडकली, काठी पोचली नाही."

"चोरीला गेली ना हो?" आईने विचारलं.

"अगं, ते लोक दहादा सांगत होते, टोप्या काढा, टोप्या काढा," बाबा मान खाली घालून म्हणाले. "मी स्वतः मशिनवाला माणूस. म्हटलं, मला काय शिकवतात! मग काय तोंडाने सांगणार, उडाली म्हणून?"

त्यावर आत्या जे हसल्या त्याने टेबल हललं. भिंगरी पुढे वाचत होती: "आपले लोक आले. आई हसते..." तिचं बोट ओळीवरून सरकत होतं. आईने पाहिलं, ते बोट एके ठिकाणी थबकलं, एक अख्खी ओळ ओलांडून खाली गेलं. दादा शेजारीच होता. त्यानेही पाहिलं. त्याने मान वाकवून ती ओळ वाचली: 'दादाने डोळे घट्ट मिटलेत. दांडी धरलीये. घाबरला.'

दादाचे कान लाल झाले. त्या संध्याकाळी आपण हिला सगळ्यांसमोर खोटारडी ठरवलं, तेव्हा ही ओळ हिच्याजवळ होती. आणि हिने ती काढली नव्हती. आत्ताही नाही. हे त्याच्या डोक्यात शिरताना आईला अगदी स्पष्ट दिसलं.

"एक ओळ राहिली," दादा हळूच म्हणाला.

"नाही राहिली," भिंगरी म्हणाली.

"राहिली. मी सांगतो. मी डोळे मिटले होते. तिन्ही वेळा. हात वर केलेलं चित्र खोटं आहे." त्याने आपला फर्मा पुढे ओढला आणि त्या चित्राकडे बघून तोंड वाकडं केलं. "तसं चित्र म्हणून बरं आहे ते."

"राहू दे की," भिंगरी म्हणाली. "खाली लिही, पुढच्या वेळचं."

मग त्यानेच विचारलं, "तुझ्या फर्म्याला चित्रं काढून देऊ?"

पुढचे तीन दिवस टेबल त्या दोघांच्या ताब्यात होतं. दादा काढायचा, भिंगरी चुका काढायची. दात एवढे मोठे नव्हते. जाळी हिरवी होती. बाईंच्या हातात मोजे होते, आणि एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. एका फर्म्यात मजकूर मावेना म्हणून आईने तिला आणखी एक फर्मा करून दिला. तिच्या सतरा वर्षांच्या नोकरीत लेखकाला इतक्या सहज पानं वाढवून मिळालेली तिने पाहिली नव्हती.

शाळेचं काय करायचं, हे आईने तिच्यावरच सोडलं होतं. बुधवारी भिंगरी आपण होऊन बाईंच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली, "मी गरुडझेपेवर बसले नव्हते. मला बसू दिलं नाही. मी खाली होते." बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. मग खाली काय केलंस?" आणि मधली सुट्टी कमी पडली, असं भिंगरीने घरी येऊन सांगितलं.

आईने फर्मे शिवले. भिंगरीचे दोन्ही फर्मे तिने मधोमध लावले, कारण पुस्तक आपोआप उघडतं ते तिथेच. कापडी कणा, निळसर पुठ्ठा. मालकांनी छापखान्यातलं दाबयंत्र एक दिवस वापरू दिलं आणि वर विचारलं, "आम्हाला वाचायला कधी मिळणार?"

पुस्तक घरी आलं तेव्हा आत्या आधीच येऊन चष्मा पुसत बसल्या होत्या. त्यांनी ते मांडीवर घेतलं, मधलं पान उघडलं आणि घसा साफ करून एक्स्चेंजच्या ठणठणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"अकरा पंचावन्न. दात."

"असं नाही, आत्या," भिंगरी त्यांच्या खुर्चीच्या हातावर चढत म्हणाली. "आधी थोडं थांबायचं. मग म्हणायचं."

आत्या पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या. बाबा टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभे राहिले. दादा चटईसारखा जमिनीवर पसरला आणि "थांबा, थांबा, आता येतंय" म्हणून आधीच हसू लागला. आई हात धुवायला निघाली होती. बोटांवरची छापखान्यातली खळ तशीच वाळत राहिली, पण ती गेली नाही; तिथेच टेबलाच्या कडेला टेकली आणि ऐकत राहिली.