तिसऱ्या वर्तुळातलं बटण

मी दुभाषी आहे. परदेशातून कॉलेजची मुलं-मुली येतात, आमच्या वस्तीत सहा आठवडे राहतात, समाजविकासाचं काम शिकतात आणि परत जातात. त्या सहा आठवड्यांत त्यांचं बोलणं वस्तीला आणि वस्तीचं बोलणं त्यांना पोहोचवायचं, हे माझं काम. अकरा वर्षं झाली. अकरा तुकड्या पाहिल्या. येताना सगळे हसत येतात, जाताना सगळे रडतात, आणि मधल्या काळात आमच्या पायऱ्या चढून चढून त्यांच्या पोटऱ्या दुखतात. मी त्यांच्याशी तुसडेपणाने वागतो, असं आमच्या संस्थेच्या मॅडम म्हणतात. तसं काही नाही. दरवर्षी त्याच प्रश्नांची तीच उत्तरं नव्या तोंडाला सांगताना माणसाचा चेहरा जसा होतो, तसा माझा होतो.

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा मला तिनेच वाढवलं, आणि वाढवलं ते आयुष्यभर ऐकवलंही. ती शिवणकाम करायची. मला म्हणाली होती, मशीन शीक, उपाशी मरणार नाहीस. मी भाषा शिकलो. तिने मुलगी बघितली, मी नाही म्हणालो, मग दुसरी कुणी मिळाली नाही. तंबाखू सोड म्हणाली, ती अजून खिशात आहे. "धाकट्या," ती म्हणायची, "तुला मी उजवीकडे जा म्हटलं की तू डावीकडे जाणार. मग मी मुद्दाम उलटं सांगायला हवं होतं, म्हणजे सरळ झाला असतास." मी पन्नाशीला आलो तरी हे चालूच होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

तिचं घर उताराच्या अगदी पायथ्याशी. दोन खोल्या. पुढची खोली वस्तीतली सगळ्यात ऐसपैस आणि आरशासारखी लख्ख. मागच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात, तिचं पायाचं मशीन. त्या खोलीच्या मागच्या भिंतीत वरच्या उतारातलं पाणी मुरायचं. मेहुणे होते तोवर दर दोन वर्षांनी काहीतरी लिंपालिंपी करायचे. ते गेल्यावर भिंत हळूहळू आत फुगत आली. अक्काने तिच्यापुढे स्वतः शिवलेला एक फुलाफुलांचा पडदा लावून टाकला आणि विषय संपवला.

वस्तीतल्या गवंड्याने एकदा पडदा सारून बघितलं. "अक्का, भिंतीला पोट आलंय," तो म्हणाला. "सातवा महिना धरून चाला."

"मग बारशाला कापड मी देईन," अक्का म्हणाली, आणि पडदा ओढून घेतला.

बाहेर आल्यावर त्याने माझा दंड धरला. "मस्करी नाही हां. हे वर्ष काढेल. पुढच्या वर्षाची खात्री मी देत नाही."

त्याच वर्षीची तुकडी भिंती बांधायला आलेली होती. आठ घरांच्या मागच्या भिंती पक्क्या करता येतील एवढं सामान त्यांनी जमवलं होतं. घरं मात्र सत्तावीस. त्यातली आठ कुठली, हे मॅडमनी ठरवायचं नाही, पुढाऱ्यांनी ठरवायचं नाही, वस्तीनेच बसून ठरवायचं, असं ती मुलं कॉलेजातून शिकून आली होती. त्यांची म्होरकी एक उंच, सावकाश बोलणारी मुलगी होती. तिच्या हातातली वही मी कधी बंद बघितली नाही, म्हणून तिला सगळे वहीवाली म्हणायचे. पहिल्याच दिवशी तिने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "एक विनंती आहे. तुमचं मत मध्ये मिसळू नका. लोक जे बोलतील तेवढंच आम्हाला सांगा, शब्दाला शब्द." मला राग यायला हवा होता. उलट बरं वाटलं. अकरा वर्षांत माझ्या कामाला कुणी काम समजून नियम घातला नव्हता.

संध्याकाळी मी अक्काकडे गेलो आणि सरळ विचारलं, "तुझं नाव सुचवू का?"

ती काज करत होती. मान वर केली नाही. "कशात?"

"भिंतीच्या यादीत."

"म्हणजे भाऊ आत बसलाय म्हणून बहिणीची भिंत आधी," ती म्हणाली. "आणि सगळ्यांसमोर सांगणार की ही बाई लाचार झाली. तुझे मेहुणे गेले तेव्हा या वस्तीतून एक वाटी मी उसनी आणली नाही. माझं नाव तोंडातून काढलंस, तर या घरात पाऊल टाकू नकोस."

"भिंत पडली म्हणजे?"

"पडेल तेव्हा बघू. चहा घेणार आहेस का तसाच तोंड पाडून जाणार आहेस?"

मी चहा घेतला.

बैठक कुठे घ्यायची असा प्रश्न आला, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. अक्काची पुढची खोली. दुसरीकडे पंधरा माणसं मावतच नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

वहीवालीने फरशीवर खडूने तीन वर्तुळं काढली. पहिल्यात ज्यांचं अगदी अडलंय अशी घरं, दुसऱ्यात कसंबसं भागतंय अशी, तिसऱ्यात ज्यांचं व्यवस्थित चाललंय अशी. भिंती मिळणार त्या पहिल्यातल्यांना. प्रत्येक घरासाठी एक खूण हवी होती. त्यांनी रंगीत गोट्या आणल्या होत्या, पण त्या उतरत्या फरशीवर गडगडत दाराबाहेर जायला लागल्या. सगळे हसले. अक्का उठली, आतून बटणांचा डबा आणला आणि सत्तावीस बटणं मोजून दिली, एकासारखं दुसरं नाही. स्वतःच्या घरासाठी तिने एक मोठं तपकिरी बटण दिलं. मेहुण्यांच्या कोटाचं होतं ते. कोट कधीच विरून गेला होता.

एकेक घर घेत गेले. लोक बोलत होते, मी सांगत होतो, वहीवाली लिहीत होती. काम चोख चाललं होतं. ज्यांची घरं पहिल्या वर्तुळात गेली, त्यातली बरीचशी माणसं बैठकीला आलेलीच नव्हती. पाठीमागे बोलायला कुणाला जड जात नाही.

मग तपकिरी बटणाची पाळी आली. ते वस्तीतल्या सुताराच्या हातात होतं. अक्का कपबश्यांचा ट्रे घेऊन त्याच्यासमोरच उभी. इस्त्रीची साडी, केस चापूनचोपून. सुताराने तिच्याकडे बघितलं, मग वर्तुळांकडे, मग माझ्याकडे. मी वहीकडे बघितलं.

गवंड्याने घसा खाकरला. "तसं अक्काच्या मागच्या…"

"साखर बघ रे," अक्का त्याच्यापुढे कप धरत म्हणाली. "कमी नाही ना पडली?"

त्याने कप घेतला. पुढचं वाक्य चहाबरोबर गिळलं. ज्या बाईच्या घरात बसलोय, जिचा चहा पितोय, जिच्या बटणांनी खेळतोय, तिला तिच्या तोंडावर अडलेली म्हणायचं? आमच्यात ते कुणालाच जमलं नसतं. सुताराने बटण तिसऱ्या वर्तुळात ठेवलं, तेही अगदी मधोमध. "अक्काला काय कमी आहे?" तो म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. तो अक्काचा मान राखत होता.

वहीवालीने माझ्याकडे बघितलं. मी शब्दाला शब्द सांगितलं. तिने लिहून घेतलं. पाच पावलांवर फुलाफुलांचा पडदा होता आणि पडद्यामागे ती भिंत.

एवढंच झालं असतं तरी मी आज स्वतःला समजावू शकलो असतो. पण बैठक संपल्यावर पायऱ्या चढताना वहीवाली थांबली. वही तिने बंद केली. पहिल्यांदाच. म्हणाली, "आता तुम्हाला विचारते, दुभाषी म्हणून नाही. तुम्ही इथलेच आहात. कुणाचं घर राहून गेलंय का?"

वरच्या पायरीवर सुतार आणि आणखी दोघं उभे होते, त्यांना भाषा कळत नव्हती, पण माझा चेहरा कळला असता. उद्या आठव्या घराचं नाव कापून अक्काचं आलं असतं, तर ते कुणामुळे हे लहान पोरानेही ओळखलं असतं. आणि अक्काचं ते वाक्य कानात होतं, पाऊल टाकू नकोस.

"नाही," मी म्हणालो. "कुणीच राहिलेलं नाही."

आठ भिंती झाल्या. चांगल्या झाल्या, त्यात खोट काढायला जागा नाही. मुलांनी दगड उचलले, हाताला फोड आले. अक्काने त्यांना जुन्या जीन्सचे हातमोजे शिवून दिले आणि रोज चहा पाठवला. जाताना वहीवाली तिच्या गळ्यात पडून रडली. अक्का तिच्या पाठीवर थोपटत मला म्हणाली, "हिला सांग, पोट भरून जेवत जा. शिडी झालीये नुसती." मी सांगितलं, शब्दाला शब्द.

त्यानंतर पाचव्या महिन्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, भिंत पडली. अक्का मशीनवर बसली होती. गवंडी सगळ्यात आधी पोहोचला. तो हातांनी दगड काढत होता आणि मोठमोठ्याने शिव्या देत होता, कुणाला ते त्यालाही माहीत नसावं. अक्का जिवंत निघाली. उजवा पाय गुडघ्याखाली गेला, डावा आहे पण वाकत नाही. सुतार दवाखान्यात रोज यायचा, डबा ठेवायचा आणि तिच्या पायथ्याकडे न बघता निघून जायचा. नंतर त्यानेच तिला कुबड्या करून दिल्या. पायाचं मशीन ढिगाऱ्यातून निघालं ते भंगारात गेलं. तसंही ते चालवणार कोण होतं?

आता ती माझ्या एका खोलीत राहते. खाट खिडकीशी आहे. लोक शर्ट आणून देतात, ती बटणं लावून देते. आता तिच्याच्याने तेवढंच होतं. मला ती काही बोलत नाही. तंबाखूवरूनसुद्धा बोलत नाही. हे शांत घर मला सहन होत नाही.

परवा टपालाने एक पुस्तक आलं. वहीवालीचा अहवाल. कॉलेजने छापलाय, गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. भिंत पडल्याचं तिला कुणी कळवलेलं नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, कशाला मुलीच्या जिवाला घोर, आणि मला ते सोयीचं वाटलं होतं. तिने आत चिठ्ठी ठेवली होती: अक्कांना वाचून दाखवा.

"वाच," अक्का म्हणाली. किती दिवसांनी तिच्या आवाजात जरा हुशारी होती. "आपल्यावर आख्खं पुस्तक? वाच की."

मी खाटेच्या कडेला बसलो. ओळीवर बोट ठेवून तिला आपल्या भाषेत सांगत गेलो. पायऱ्या किती, घरं किती, पाणी कुठून येतं. गोट्या गडगडल्या तो प्रसंग होता, अक्का हसली. वर्तुळांचा फोटो होता. तिने पुस्तक जवळ ओढून घेतलं आणि तिसऱ्या वर्तुळातल्या तपकिरी बटणावर नख ठेवलं. थोडा वेळ तसंच ठेवलं. मग म्हणाली, "पुढे."

पुढच्या पानावर लिहिलं होतं की, या पद्धतीत कुणी सुटू नये म्हणून शेवटी आम्ही आमच्या दुभाष्याला, जो स्वतः याच वस्तीतला आहे, एकट्याला विचारलं. कुणाचं घर राहिलंय का? त्याने खात्रीने सांगितलं, कुणाचंही नाही. लोकांवर विश्वास कसा ठेवायचा, हे आम्ही इथे शिकलो.

"नंतर त्यांनी सगळ्यांचे आभार मानले," मी म्हणालो आणि पान उलटायला गेलो.

अक्काने माझं मनगट धरलं. आयुष्यभर तिने नुसत्या नजरेने कापड मोजलंय. "बोट पाच ओळी खाली गेलं," ती म्हणाली, "आणि तू बोललास अर्धी. काय आहे तिथे?"

"काही नाही गं."

"शब्दाला शब्द वाच. तेच तुझं काम ना?"

मी वाचलं. पाचही ओळी. वाचून झाल्यावर मी तिच्याकडे बघू शकलो नाही, तिच्या मांडीवरच्या शर्टाकडे बघत बसलो. सुई कापडात अर्धी गेलेली होती.

"तुला विचारलं होतं तिने," अक्का म्हणाली.

"हो."

"वेगळं घेऊन."

"हो. तू म्हणाली होतीस अक्का, नाव काढलंस तर…"

"म्हणाले होते," ती म्हणाली. "म्हणाले होते मी."

मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर फार बरं झालं असतं. पण ती अगदी हळू बोलली, लहानपणी मला झोपवताना बोलायची तशी.

"जन्मभर माझं एक ऐकलं नाहीस, धाकट्या. मग नेमकं तेवढंच कसं रे ऐकलंस?"

मला रडू आलं. तिने माझं मनगट सोडलं, सुई पुन्हा हातात घेतली आणि बटणाचा टाका पुरा करायला लागली. मी डोळे पुसले आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं, कारण पुस्तक अजून बरंच वाचायचं होतं.