विषाचा मंत्र कोणत्या घराण्यात

माझी नात ऋतुजा पेणच्या कॉलेजात शिकते. रविवारी आमच्या ओटीवर ती मित्रांबरोबर एक खेळ खेळते. फासे टाकायचे आणि आपण कोण, काय करतो ते तोंडाने सांगायचं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. त्यात मंत्रांची आठ घराणी असतात: रक्षणाचं, बोलावण्याचं, भविष्य कळण्याचं, मन वळवण्याचं, आगीचं, भासाचं, रूप पालटण्याचं आणि मरणाचं. त्यांचं पुस्तक इंग्रजी. ऋतुजाने मंत्र मराठीत केले आणि माझं अक्षर मोठं म्हणून चिठ्ठ्या मला लिहायला दिल्या. मी चाळीस वर्षं गावचा भगत होतो, मंत्राने साप-विंचू उतरवायचो, याचीही तिला गंमत वाटत असावी.

त्या दिवशी निकेश सगळ्यांच्या आधी आला. तो नागोठण्याला कंपनीत आहे, शिफ्ट संपवून तसाच आला होता. खेळात तो वैद्य असतो. जखम भरायच्या मंत्राची चिठ्ठी उचलून म्हणाला, "हा कुठं?"

"रक्षणात," ऋतुजा म्हणाली. "जुन्या पुस्तकात मरणाच्या घराण्यात होता. मग बोलावण्याच्यात गेला, मग आगीच्यात."

"तुझ्यासारखाच. एका जागी टिकत नाय."

"तू गप जखमा भर."

तो हसून माझ्याकडे वळला. "आजा, तुमचा विषाचा मंत्र पण लिवा ना. माझ्या वैद्याला पायजे. बाबा सांगतात, आईसाठी तुम्ही अडीच तास झुंजलात."

त्याची आई मालू. बारा वर्षांपूर्वी मिठागराच्या बांधावर तिला नाग चावला. तिचा नवरा गोविंदा अजून दर वर्षी तळ्यातला पहिला जिताडा मासा माझ्या घरी पाठवतो. मी तो खातो.

मी चिठ्ठी लिहिली आणि भासाच्या ढिगावर ठेवली.

"चुकलं, आजा," निकेश म्हणाला. "भास म्हंजे खोटं दाखवायचं."

"व्हय. तिथंच जातो तो."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. ऋतुजाला तसं वाटलं नसावं, तिने फासे खाली ठेवले.

"माझ्या गुरूने सांगितलं होतं," मी म्हणालो, "हा मंत्र विषाला नसतो, माणसांना असतो. चावलेला भीतीनं मरू नये म्हणून. पण त्याच्या पापण्या जड झाल्या की विष चढलं समजायचं, मंत्र सोडायचा आणि गाडी बोलवायची."

"आईच्या झाल्या होत्या?"

"चारलाच. वडखळ नाक्यावरून जीप आली होती. ड्रायव्हर बोलला, पेणला दवाखान्यात नेतो. मी बोललो, हलवली तर मंत्र तुटंल. बांधावर तीसेक माणसं उभी होती. त्यांच्यासमोर मला थांबता आलं नाय."

निकेशने भासाच्या ढिगावरची चिठ्ठी उचलली.

"आई गेली कधी?"

"साडेसहाला."

पेणला किती वेळ लागतो, हे त्याने विचारलं नाही. पेण अर्ध्या तासावर आहे, ते त्याला माहीत होतं.

"बाबाला माहीत हाय?"

"नाय."

"बारा वर्षं गप होता. मग आज कशाला?"

"तू मंत्र मागितलास. खरा समजून घेतला असतास."

"खेळातला वैद्य हाय मी," तो म्हणाला. मग चपला घालायला लागला. "चला."

"आजा, मी येऊ?" ऋतुजाने विचारलं. मी नको म्हणालो.

बांधावरून तो पुढे चालला, मी मागे. तोंडात वाक्यं जुळवत होतो, एकही शेवटापर्यंत जात नव्हतं. गोविंदा अंगणात जाळं सांधत बसला होता. मला बघून त्याने बाजूला जागा केली.

"ये, कान्हू. चहा टाकायला सांगतो."

"चहा नको, बाबा," निकेश म्हणाला. "आधी ह्याचं ऐका."