शेजारच्या सीटवरचा ब्रेक

"अहो, हिरवा लागला."

"दिसतंय मला," मास्तर म्हणाले खरे, पण गाडी हलेपर्यंत मागच्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले. शेजारून निघालेल्या टॅक्सीवाल्याने काच खाली केली आणि म्हणाला, "काका, आधी नीट शिका, मग शहरात या!"

मास्तरांचे कान लाल झाले. चूक टॅक्सीवाल्याची नव्हती. गाडीच्या टपावर 'शिकाऊ' अशी ठळक पाटी होती. गावातलं एकुलतं एक ड्रायव्हिंग स्कूल मास्तरांचं. गावातले डॉक्टर, वकील, बँकेचे साहेब, सगळे त्यांच्याच ओरडण्याखाली गिअर टाकायला शिकलेले. गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक होता आणि मास्तरांचा जन्म त्या डावीकडच्या सीटवर, त्या ब्रेकवर पाय ठेवून गेला होता. आज तिथे बायको बसली होती. चुकून दाबला जायचा म्हणून तिने पाय आखडून घेतले होते.

बायकोचा गुडघा धरला होता. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात हाडांचा चांगला डॉक्टर आहे, असं मेव्हण्याने सुचवलं होतं. "टॅक्सी करा," असंही तो म्हणाला होता. पण शहरातले टॅक्सीवाले परक्या माणसाला गरागरा फिरवतात, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. कुणी सांगितलं ते मात्र आठवत नव्हतं.

"पुढे पुलावर चढा," फोनमधली बाई म्हणाली.

"मघाशी हिनंच त्या मंडईत नेऊन घातलं. हिचं कुणाशी तरी साटंलोटं आहे."

"यंत्राचं कसलं साटंलोटं!"

तेवढ्यात एक मोटारसायकलवाला अगदी चिकटून आला आणि दाराकडे हात करून काहीतरी ओरडू लागला. मास्तरांनी खटकन दारं लॉक केली.

"बघू नकोस तिकडे. हे असेच खाली उतरवतात, तोवर दुसरा मागून बॅग पळवतो."

मोटारसायकलवाला हटेना. शेवटी बायकोनेच काच उतरवली. "आजी, शाल दारात अडकलीय, चाकात जाईल!" एवढं सांगून तो गेलासुद्धा. बायकोने दार किलकिलं करून शाल आत ओढली. टोक मळून काळं झालं होतं. मास्तर म्हणाले, "एखादा निघतो चांगला."

पूल जवळ आला. फोनमधली बाई पुन्हा चढायला सांगू लागली.

"वर नका जाऊ," बायको म्हणाली. "खालूनच घ्या. वरून गेलं की फार लांबून वळावं लागतं."

मास्तरांनी खालून घेतलं. मग विचारलं, "तुला कसं ठाऊक?"

"पाटी होती ना मागे."

पाटी वाचायची राहिली असेल, असं मास्तरांनी मानून घेतलं. पण जरा पुढे गेल्यावर ती म्हणाली, "आता हळू. त्या खांबापाशी मोठा खड्डा आहे."

खड्डा होता. तोही ट्रकच्या आड, दिसणार नाही असा. खड्ड्याची पाटी कुणी लावत नाही.

मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. आता टॅक्सीवाले, मोटारसायकलवाले, फोनमधली बाई, सगळी मागे पडली. शेजारी बसलेली ही बाईच त्यांना अनोळखी वाटू लागली. भाचीच्या बाळाला बघायला म्हणून ती मध्ये दोनचार वेळा भावाबरोबर गेली होती. येताना दमलेली असायची. बाळाबद्दल विचारलं तर "बरं आहे" यापलीकडे शब्द नाही. आपल्या डोळ्यांवर पट्टी बांधून कुणीतरी आपल्याला कधीपासून फिरवतंय, असं त्यांना वाटलं.

"इथून उजवीकडे," ती म्हणाली.

"का?"

"कारण डावीकडे गेलं की—"

"तू कधी आली होतीस इथं?"

"आधी वळा तर. मग सांगते."

"आत्ता सांग!" असं म्हणून मास्तरांनी मुद्दामच गाडी डावीकडे घातली.

समोरून बस आली. रस्ता एकेरी वाहतुकीचा होता. मास्तर बघतच राहिले. पायाने काय दाबायचं तेच त्यांना सुचेना. गाडी जागच्या जागी गचकन थांबली. बायकोने आखडलेला पाय लांब करून ब्रेक दाबून धरला होता. दोन्ही हातांनी तिने सीट घट्ट पकडली होती.

बसवाल्याने जे ऐकवायचं ते ऐकवलं आणि बस जरा मागे घेतली. मास्तरांनी गाडी कशीबशी कडेला लावली.

"गुडघा नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही." तिने शाल सारखी केली. "पोटात गाठ आहे. तपासण्या सगळ्या झाल्या. दादानं आणलं होतं."

"आणि मी? मी मेलो होतो?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही सगळं सोडून माझ्याकडं बघत बसला असता. जेवताना, झोपताना. तसं बघितलेलं नको होतं मला. थोडे दिवस तरी."

"मग आज का आणलंस?"

"आज ठेवून घेणार आहेत. ऑपरेशन आहे. आज तुम्ही हवे होतात."

मास्तरांनी फोन बंद केला. हाताचा घाम पँटला पुसून त्यांनी चावी फिरवली.

"कुठून घेऊ?"

"मागे घ्या. बघून. आता सरळ."

ती सांगत गेली आणि ते वळत गेले. हॉस्पिटलच्या फाटकात रखवालदाराने वाकून पाहिलं. "आज भाऊ नाही आले, ताई?"

"आज हे आलेत."

रखवालदाराने मास्तरांना सलाम केला. मास्तरांना मान वर करवली नाही.

"मला इथं उतरवा," ती म्हणाली. "गाडी खाली तळघरात लागते. मग लिफ्टनं वर या. बाहेर पडलात की उजवा हात, काचेचं दार. तिथं असेन मी."

"उजवा हात. काचेचं दार," मास्तर म्हणाले.

बॅग घेऊन ती पायऱ्या चढली. कुणाला काही न विचारता गर्दीतून नेमकी वळली आणि दिसेनाशी झाली. मागच्या गाडीने हॉर्न दिला. मास्तरांनी गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी हिसका देऊन बंद पडली.

"सावकाश, बाबा," रखवालदार म्हणाला आणि मागची गाडी हाताने थोपवून उभा राहिला.