मुद्दाम केलेली चूक

“द बॉक्स ऑफ लेटर्स वेअर लॉस्ट,” मावशींनी खणखणीत वाचलं आणि चष्म्यावरून पलंगाकडे पाहिलं.

पत्रांची पेटी एकच, तिथे ‘वॉज’ हवं. पलंगावरची मैत्रीण पकडते का, हे पाहायला चूक मुद्दाम केली होती. तिची वाचा जाऊन तीन महिने झाले होते. तिचा डावा हात चादरीवर तसाच पडून राहिला.

“मावशी, कशाला जीव आटवता? आईंना काही कळत नाही,” मैत्रिणीची सून औषधाच्या बाटल्या पिशवीत भरत म्हणाली. “सोमवारी शुश्रूषागृहात ठेवतोय. कळतच नाही, तर घर काय नि ते काय!”

“एवढं पान होऊ दे गं.”

तीस वर्षं दोघींनी छापखान्यात इंग्रजी पुस्तकांची प्रुफं तपासली होती. एकीनं वाचायचं, दुसरीनं खुणा करायच्या. यंत्रांच्या धडधडाटात शब्द कसेबसे पोचत. म्हणून विरामचिन्हं टेबलावर वाजायची. कॉमाला एक टिचकी, सेमीकोलनला दोन, पूर्णविरामाला थाप. फोरमन डोकावून म्हणायचा, “बायांनो, प्रुफं तपासताय की गाणं बसवताय?” मैत्रीण इतकी हसायची की पेन्सिलीचं टोक मोडायचं.

मावशींनी पुन्हा ‘वेअर’ वाचलं. मग तिसऱ्यांदा. काही नाही.

सुनेनं पिशवीला गाठ मारली. मावशींचा चष्मा धुरकटला. पण अर्धं पान टाकून उठायची सवय नव्हती. अंदाजानंच त्या पुढे सरकल्या, “द डोअर वॉज ओपन, कॉमा, नोबडी केम.”

टक्. टक्.

मावशींनी घाईघाईनं चष्मा पुसला, पान डोळ्यांशी नेलं. दोन पुरी वाक्यं; मध्ये सेमीकोलनच होता. मैत्रिणीचं बोट पलंगाच्या कडेवर टेकलं होतं आणि कपाळावर चांगली ठसठशीत आठी.

क्षणभरानं मावशींना हसू फुटलं. पहिल्याच महिन्यात, कडाक्याच्या भांडणानंतर, वाटणी झाली होती: क्रियापदं मावशींची, विरामचिन्हं मैत्रिणीची. एकीच्या कामात दुसरीनं नाक खुपसायचं नाही. आणि आपण बसलो होतो तिला क्रियापदं विचारत!

“काय झालं हो?” सुनेनं दारातून विचारलं.

“मला ओरडली.” मावशी खुर्चीतून उठल्या. “ये, बस इथं. सोमवारचं तूच विचार तिला.”