शेषरावाचा फोटो

फोटोवाल्यानं रंगरावची हनुवटी दोन बोटांत धरून डावीकडं वळवली आणि बाजारात बैल पाहावा तसा दोन पावलं मागं सरकून पाहिलं.

"मयताची मान अशीच राहायची का?" त्यानं विचारलं.

"थोडी वर," इंद्रभान म्हणाला. "शेषराव मान वर ठेवूनच चाले."

रंगरावनं मान वर केली. मयताचा निळ्या पट्ट्यांचा सदरा त्याच्या पोटावर बसत नव्हता, म्हणून फोटोवाल्यानं तो पाठीवर उभा फाडून टाचण्यांनी अंगाला धरवला होता. मांडीवर चामड्याचा फुटबॉल होता. मागच्या रंगवलेल्या पडद्यावर एक कारंजं आणि दोन हंस होते. देऊळगाव राजात कारंजं कुणी जन्मात पाहिलं नव्हतं, पण शेषरावला ते शोभेल असं इंद्रभानचं मत पडलं.

शेषराव हा रंगरावचा धाकटा भाऊ. मोतीझऱ्यानं जाऊन त्याला आज बावीस दिवस झाले होते.

"आता हसा," फोटोवाला काळ्या फडक्यात शिरता शिरता म्हणाला.

रंगरावला हसू येईना. इंद्रभान जवळ आला, हळू आवाजात म्हणाला, "रंगराव, तुमचा भाऊ हसतमुख होता. गावासाठी हसा."

मग रंगराव गावासाठी हसला.

"हिलू नका जी. बिलकूल हिलू नका."

तो हलला नाही. एका जागी न हलता राहणं त्याला आयुष्यभर चांगलं जमलं होतं.

फोटो असा चोरून, निजामाच्या हद्दीत जालन्याला येऊन काढायची वेळ आली, कारण शेषरावचा तोंड असलेला एकही फोटो जगात नव्हता. इंद्रभान देऊळगावच्या फुटबॉल क्लबाचा सेक्रेटरी. शेषरावची तसबीर शाळेच्या हॉलमध्ये लावायची असं त्यानं शोकसभेत सगळ्यांसमक्ष बोलून टाकलं, टाळ्या घेतल्या, आणि घरी गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की लावायला तसबीरच नाही.

एक फोटो होता म्हणा. नऊ वर्षांमागं देऊळगावच्या संघानं अकोल्याची ढाल जिंकून आणली तेव्हाचा. अंतिम सामन्यात पोलिसांचा बूट घातलेला संघ, आणि समोर अनवाणी शेषराव. शेवटच्या पाच मिनिटांत त्यानं दोन गोल चढवले. त्या दिवशी गावानं त्याला जो खांद्यावर घेतला तो नंतर कधी खाली उतरवलाच नाही. पुढच्याच वर्षी गुडघा गेला, खेळ सुटला, तरी तो पारावर टेकला की चहा आपोआप यायचा. पोरीबाळींच्या लग्नात पहिली अक्षत त्याच्या हाती द्यायचे. शेतात तो कधी आला नाही. वखर रंगरावकडं आणि गाव शेषरावकडं, अशी वाटणी कुणी न करता होऊन गेली होती.

आईचं तर बोलायलाच नको. रंगराव दिवसभर मातीत राबून घरी आला, की झुंबरबाई चुलीपुढून मान वळवायची आणि म्हणायची, "तू हायेस व्हय? मले वाटलं, शेषा आला." मग मान पुन्हा चुलीकडं. चाळिशी आली तरी रंगराव रोज ते वाक्य ऐकत होता, आणि रोज त्याला ते लागत होतं.

तर ढाल आली त्या दिवशी शाळेच्या पटांगणात संघाचा फोटो निघाला. अकरा जण, मध्ये ढाल, ढालीमागं शेषराव. पण त्या फोटोत शेषरावच्या मानेवर तोंडाच्या जागी नुसता पांढरा फराटा आहे. ऐन मोक्याला त्यानं मान वळवली. लोक कौतुकानं म्हणायचे, वाऱ्याला कोण पकडणार? खरी गोष्ट रंगरावला माहीत होती. गर्दीतून त्यानंच हाक मारली होती, "शेषा!" हाक मारायचं काही काम नव्हतं. सगळं गाव एकाच माणसाकडं पाहत होतं, ते त्याला घडीभर सहन झालं नाही, एवढंच. शेषराव वळला आणि त्याला पाहून हसलासुद्धा. ते हसू रंगरावशिवाय कुणाला दिसलं नाही.

म्हणून इंद्रभान दबकत दबकत येऊन म्हणाला, "नाक तेच, मिशी तीच. तुमच्याबिगर कोण बसन?" तेव्हा रंगरावला नाही म्हणवलं नाही. त्याची बायको कोकिळा म्हणाली, "जित्या माणसाच्या फोटोले हार घालतीन? मले विधवा कराचं हाय काय तुमाले?" सदरा मात्र तिनंच धुऊन दिला.

फडक्यातून बाहेर आल्यावर फोटोवाला रंगरावच्या तोंडाजवळ वाकला. "हनुवटीवर वण आहे. निगेटिव्हच्या काचेवर पेन्सिल मारून काढून टाकतो."

"काढा, काढा," इंद्रभान म्हणाला. "शेषरावले वण नव्हता."

"राहू द्या," रंगराव म्हणाला.

"अहो, पण..."

"राहू द्या म्हणलं ना. कोण पायते तेवढं?"

कोण पाहील ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तो सात वर्षांचा असताना पाळण्यातला शेषा रडला, आणि झोका देणारा रंगराव होता म्हणून आईनं चुलीपासून उलथणं फेकून मारलं होतं. त्याचा तो वण. अख्ख्या गावानं फसावं, खुशाल फसावं. तिनं तेवढं फसू नये. सगळ्या लोकांत तिनं तसबिरीपुढं उभं राहावं आणि म्हणावं, हा शेषा नाही, हा माझा रंग्या आहे. मग तसबीर उतरवली, इंद्रभानची फजिती झाली, आपली छी-थू झाली तरी चालेल. चाळीस वर्षांत एकदा तिनं आपल्याला गर्दीतून निवडून काढावं, एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती त्याला स्वतःलाही लाजिरवाणी वाटत होती.

फोटोवाल्यानं वही ओढली. "खाली नाव काय लिहू?"

"कैलासवासी शेषराव," इंद्रभान म्हणाला.

फोटोवाल्यानं रंगरावकडं पाहत पाहत ते लिहून घेतलं.

तसबीर लागली त्या दुपारी शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. बुलढाण्याहून शाळांचे इन्स्पेक्टर आले होते. त्यांनी दोरी ओढली, पडदा सरकला, आणि हॉलभर एक हुंदका फिरला. पारावरचे म्हातारे डोळे पुसू लागले. ज्यांनी शेषरावला रोज पाहिलं होतं, त्याच्या बरोबर चहा प्याले होते, ते एकमेकांना सांगत होते, हुबेहूब! बोलेल असं वाटतं! गाव फसायलाच बसलं होतं, त्याला कोण काय करणार?

इन्स्पेक्टरसाहेबांनी रंगरावला जवळ बोलावलं. तसबिरीकडं आणि त्याच्याकडं आळीपाळीनं पाहिलं.

"सख्खे भाऊ ना?"

"हो, साहेब."

"तसं साम्य आहे थोडं. पण ते तेज नाही हो." साहेब हळहळले. "ते वेगळंच असतं."

"सगळ्याले थोडंच भेटते साहेब," इंद्रभान मागून म्हणाला, आणि रंगरावची नजर चुकवून हार नीट करू लागला.

मग झुंबरबाईला पुढं आणलं. लोकांनी वाट करून दिली. सत्तरीला आली होती, पण तांदळातला खडा ती उभ्यानं टिपायची, असे तिचे डोळे. ती तसबिरीपुढं थांबली. रंगराव तिच्यापासून दोन हातांवर भिंतीला टेकून उभा होता. त्यानं नकळत हनुवटी वर केली.

तिनं आधी कपाळ पाहिलं, मग मिशी, मग नजर खाली आली आणि हनुवटीवर थांबली. थांबली ती बराच वेळ. मग तिनं मान वळवून एकदाच, अगदी सरळ, रंगरावकडं पाहिलं. आता बोलते, त्याला वाटलं. बोल माय.

झुंबरबाईनं काचेवर दोन्ही तळहात ठेवले.

"माहा शेषा," ती म्हणाली. "कवाचा दिसला नाहीस रे बाप्पा."

बायका रडायला लागल्या. साहेबांनी रुमाल काढला.

दिवेलागणीच्या आधी रंगराव घरी आला तेव्हा ती ओसरीवर सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती. तो खांबाशी टेकला. फसली, त्यानं मनाशी म्हटलं. म्हातारी झाली, नजर गेली असेल. असं म्हटलं की जरा बरं वाटत होतं.

"हनुवटीचा वण दिसते फोटोत," ती वर न पाहता म्हणाली.

रंगराव खांब सोडून पुढं आला. "वळखलं तुनं?"

"मी मारलेलं उलथणं, मले नाही वळखू येत?"

त्याच्या तोंडावर हसू फुटलं. जालन्याला जे येत नव्हतं ते आता आवरेना. लहान पोरासारखा तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "मले वाटलंच होतं. मी मुद्दाम ठेवला थो. तुले दिसावा म्हणून ठेवला माय. मंग शाळेत काऊन नाही बोलली?"

"बोलून काय करू? त्यायनं भिंतीवरून उतरवला असता. मंग माह्या शेषाले काय राह्यलं असतं?" तिनं एक खडा वेचून अंगणात फेकला. "ढालीच्या फोटोच्या टायमाले हाक कोणं मारली होती रे?"

तो सुपातल्या डाळीकडं पाहू लागला.

"मी तुह्या मांगंच उभी होती. त्याचं तोंड तूच घालवलं. आता तुहं त्याले देलं, बरं केलं." आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला चाललं असतं. "फक्त आता हे तोंड घेऊन गावात फिरू नको. लोक फोटो पायतीन, मंग तुले पायतीन, एखाद्याच्या ध्यानात येईन. मिशी काढून टाक."

"माय," रंगराव म्हणाला, "मिशी मायबाप गेल्यावर काढतेत."

हे काही तो नवीन सांगत नव्हता. शेषाच्या दहाव्याला मोतीराम न्हाव्यानं नदीवर हेच सांगून त्याची नुसती दाढी केली होती. थोरल्यानं धाकट्यासाठी मिशी द्यायची नसते, ती आईबापासाठी राखायची. झुंबरबाई तेव्हा तिथंच बसलेली होती.

"ठावं हाय मले," ती म्हणाली. "जिची राखून ठेवली तेच सांगून राह्यली ना, काढ म्हणून."

आणि तिनं सूप पाखडलं. कोंडा रंगरावच्या अंगावर आला. तो तिथून उठला नाही.

सकाळी मोतीरामानं बालाजीच्या देवळाकडच्या रस्त्याला नेहमीच्या लिंबाखाली पोतं अंथरलं, तर रंगराव आधीच येऊन बसलेला. मोतीरामानं वस्तरा चामड्यावर घासला. कालच्या कार्यक्रमाचं त्याला बोलायचं होतं, पण गिऱ्हाइकाचं तोंड पाहून त्यानं कामाचंच विचारलं.

"दाढी?"

"मिशी पण."

मोतीरामाचा हात थांबला. मिशी पण म्हणजे काय, ते न्हाव्याला सांगावं लागत नाही. त्यानं वस्तरा मिटला आणि गळ्यातला पंचा काढून हातात घेतला.

"म्हातारी?"

"हाव."

"काल तं शाळेत चांगली पाह्यली मी."

"घरी आल्यावर गेली."

"अरेरे." मोतीराम खाली बसला. "अन् मले सांगावा नाही?"

"सांगाले तं आलो."

मोतीरामानं हात जोडले, कपाळाला लावले. मग वाटीतलं पाणी बोटांवर घेऊन रंगरावच्या ओठावर चोळलं. वस्तरा उघडून त्यानं डावी बाजू साफ केली, केस पानावर ठेवले आणि उजवीकडं वळला, तेवढ्यात त्याचं लक्ष रस्त्यावर गेलं.

झुंबरबाई येत होती. नेसू धुवट, हातात पानाच्या पुड्यात झेंडूचा हार. शाळेकडं निघाली होती, अनवाणी, घाईघाईनं, कुणीतरी वाट पाहत असावं तशी. लिंबाजवळून गेली. पोत्यावर कोण बसलं आहे ते तिनं पाहिलं नाही.

मोतीरामाचा वस्तरा हवेतच राहिला. त्यानं तिच्या पाठीकडं पाहिलं, मग रंगरावच्या अर्ध्या मिशीकडं.

"रंगराव," तो कसाबसा म्हणाला, "मंग थे कोण हाय?"

रंगरावनं मान वळवली नाही. जालन्याच्या खुर्चीत धरली होती तशीच ती त्यानं वर धरली होती.

"थे शेषाची माय हाय," तो म्हणाला. "तू आटप."