रेडिएटरजवळचे बूट

शैलेंद्रला मीनाक्षी मॅडमचा राग आला होता, आणि राग यावा असंच त्या वागत होत्या.

१९८५चा जानेवारी. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावाबाहेरच्या एका गेस्ट हाउसमध्ये एकाच देशाचे तीन गट चार दिवस कचाकचा भांडत होते. त्यांच्या देशात परकी फौज ठाण मांडून बसलेली. या तिघांनी मिळून परदेशातून सरकार बनवावं, अशी खटपट चालली होती. सात देशांचे निरीक्षक हॉलमध्ये बसून बंद दाराकडे बघत. आपल्या वकिलातीतर्फे मीनाक्षी मॅडम आणि त्यांचा हा नागपूरकर असिस्टंट. चारपर्यंत दिल्लीला फोन करायचा होता. 'बोलणी फिसकटली' असं कळवलं, की फौजेनं बसवलेल्या सरकारला मान्यता देऊन दिल्ली मोकळी होणार होती.

त्या लोकांच्या रिवाजाप्रमाणे जोडे हॉलच्या दाराशी काढायचे. एका युरोपियन निरीक्षकाचा मोजा भोकाचा निघाला, तेव्हापासून बिचारा पाय खुर्चीखाली लपवून बसे. आपल्या दोघांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

तीन वाजता आत आरडाओरडा झाला. एका गटाचा तरुण कमांडर दार आपटून बाहेर आला. दुसऱ्या गटाच्या ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्या पुढाऱ्याला तो तोंडावर 'देशबुडवा' म्हणाला, असं दुभाष्यानं सांगितलं. कमांडरनं बूट चढवले, मग वाकून जरा वेळ काहीतरी करत राहिला आणि बर्फात निघून गेला. बाकीचे निरीक्षक फोनकडे धावले.

"मॅडम, टॉक्स कोलॅप्स झाले. फोन लावतो."

"थांब."

"सगळ्यांनी रिपोर्ट केलं! मी माझं ऑब्जेक्शन लेखी देईन, मॅडम."

"जरूर दे. आधी म्हाताऱ्याचे बूट बघ."

सकाळी बर्फात भिजलेले ते बूट रांगेत नव्हते. नाड्या सैल करून, तोंडं उघडी करून कुणीतरी ते हॉल गरम ठेवणाऱ्या रेडिएटरला टेकवले होते.

"कमांडरनंच ठेवले," मॅडम म्हणाल्या. "कायमचं जाणारा माणूस दुसऱ्याचे बूट वाळत घालत नाही रे."

"बुटांवरून फॉरेन पॉलिसी ठरवायची?"

"माझ्या रिटायरमेंटला दोन महिने आहेत. चुकलं तर शेवटच्या शेऱ्यात माझं नाव येईल, तुझं नाही."

चार वाजता त्यांनी स्वतः फोन लावला. "बोलणी चालू आहेत," त्या ठणकावून म्हणाल्या. आवाज खणखणीत होता, पण फोनची वायर त्यांनी बोटाभोवती करकचून गुंडाळली होती. ते शैलेंद्रला दिसलं आणि त्याचा राग कुठल्या कुठे गेला. बत्तीस वर्षांची नोकरी ही बाई एका जोडी बुटांवर लावून बसली होती.

पावणेपाचला कमांडर परतला. केसांत बर्फ, मान खाली. बूट काढून गुपचूप आत गेला. सहाला तिन्ही गटांच्या सह्या झाल्या. म्हाताऱ्यानं बुटात पाय घातला, क्षणभर तसाच उभा राहिला आणि कुणाला काही न विचारता कमांडरच्या दंडाला धरून पायऱ्या उतरला.

अशी माणसं ओळखायला आपल्याला कधी येणार, असं शैलेंद्रला वाटलं.

दिल्लीला निरोप देऊन मॅडम दाराशी आल्या आणि रांगेत आपले बूट शोधू लागल्या.

"तिकडे आहेत, मॅडम, रेडिएटरजवळ," शैलेंद्र खाली बघत म्हणाला. "सकाळी भिजले होते."