पोपटाचं घर

"पोपटाचं घर डाव्या हाताला की उजव्या?" इरम्मानं विचारलं.

गौरीशंकर परातीत ज्वारीचं पीठ मळत होता. प्रवासाला न्यायची कडक भाकरी चार दिवस आधीच करून वाळवावी लागते, म्हणून सकाळपासून त्यानं तेच काम काढलं होतं. प्रश्न ऐकून त्याचा हात परातीतच थांबला.

"डाव्या," तो म्हणाला.

"मागं तर उजव्या म्हणला व्हता."

"जाताना डाव्या, येताना उजव्या. घर काय जागा सोडून पळतंय व्हय?"

इरम्मा हसली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात तसलाच हा प्रकार. अजून नळदुर्गचा स्टँड ओलांडला नव्हता आणि इकडं पणजीतल्या घराच्या डाव्या-उजव्यावरून वाद चालला होता. तिच्या मांडीवर एक पांढरी फरशी होती. फरशीवर निळ्या रंगात एक पक्षी काढलेला होता आणि ती त्याच्या पंखावरून बोट फिरवत होती. रंग किंचित वर आल्यामुळं पक्षी बोटाला लागायचा. डोळ्यांना तो आता दिसत नव्हता.

गौरीशंकर आचारी होता. तुळजापूरच्या योगीराज मालकांची सहलीची बस देशभर फिरायची आणि बसच्या पोटात शेगडी, पातेली, धान्याची पोती आणि गौरीशंकर असं सगळं सामान एकत्र असायचं. निकिता, म्हणजे त्याची मुलगी, बालवाडीत होती तेव्हापासून तो हेच काम करत होता. आता तिचंच पोर बालवाडीत जात होतं. इतक्या वर्षांत तो कुठं कुठं जाऊन आला होता हे विचारलं तर अख्खा नकाशा सांगावा लागेल. पण त्यानं काय पाहिलं असं विचारलं, तर खरं उत्तर एकच होतं: गाड्या लावायची मैदानं.

बस थांबली की प्रवासी हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन जायचे आणि गौरीशंकर कांदे चिरायला बसायचा. लोक परत यायच्या आत वरणभात, भाजी, चपात्या तयार हव्यात. पणजीला बस मांडवीच्या काठी लागायची. तिथून जवळच पोर्तुगिजांच्या काळची एक वस्ती आहे, फोंतेन्हास म्हणतात तिला. ती जशीच्या तशी जपून ठेवलेली आहे आणि पावसाळा सरला की घरांना पुन्हा रंग चढतो. हे सगळं त्याला जेवायला बसलेल्या लोकांकडून कळलं. ते नाव काही त्याच्या जिभेवर बसलं नाही. तो तिला रंगाची गल्ली म्हणायचा.

पहिल्यांदा गोव्याहून परत आला तेव्हा इरम्मानं पाय धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, काय काय बघितलं? किल्ल्याच्या पायथ्याशी जन्म काढून किल्लाही दोनदाच पाहिलेली बाई ती. तिच्या डोळ्यांत एवढी उत्सुकता होती की कांद्याचं पोतं बघितलं असं सांगायला त्याची जीभ वळेना. मग त्यानं वाढताना कानावर पडलेलं सगळं तिला सांगितलं. पिवळी घरं, लाल घरं, कौलांची छपरं, रस्त्यावर झुकलेले सज्जे. ही पक्ष्याची फरशी त्यानं मैदानात फिरणाऱ्या एका विक्रेत्याकडून घेतली होती. पण तेवढं सांगून भागेना. मग तो म्हणाला की अशी फरशी एका घराच्या भिंतीत बसवलेली आहे, तिच्याखाली पिंजऱ्यात खरा पोपट असतो आणि घराची मालकीण एक म्हातारी आहे.

एक खोटं उभं करायला दहा खोटी टेकू म्हणून लावावी लागतात. दर सालच्या फेरीला पोपट एक शब्द शिकला. म्हातारीचे गुडघे दुखायला लागले. एकदा बोलण्याच्या भरात गौरीशंकर सांगून बसला, की म्हातारी विचारत होती, बायकोला कधी आणणार? आणि तिथंच तो अडकला. कारण त्या दिवसापासून इरम्मानं जायचं मनावर घेतलं. हौसेनं एक निळी इरकल घेतली आणि ती रंगाच्या गल्लीसाठी म्हणून ट्रंकेत ठेवून दिली.

तिला नेणं अवघड नव्हतं. योगीराज मालक स्वतःहून म्हणत होते, की वहिनींना आणा, एक जागा काय जड आहे? पण नेलं की पोपटाचं घर दाखवावं लागणार होतं. म्हणून एक साल त्यानं गर्दीचं कारण दिलं, एक साल पावसाचं. एकदा निकिताचं लग्न होतं, ते मात्र खरंच होतं. मग रोगाची साथ आली आणि बस दोन वर्षं मालकांच्या अंगणातच उभी राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून तो दिवस ढकलत राहिला.

तेवढ्यात इरम्माची साखर वाढली. संक्रांतीला तिला सुईत दोरा ओवता येईना. आखाडात समोरचं माणूस आवाजावरून ओळखावं लागायला लागलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी सुया दिल्या, लेझर केलं आणि शेवटी सांगितलं, की डोळ्याचा पडदा गेला आहे, आता जे आहे ते सांभाळा. सांभाळायला उजेड-अंधार एवढंच उरलं होतं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिनं पक्ष्याची फरशी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "आता तरी मला रंगाची गल्ली दावा. मला दिसत न्हाय तर न्हाय. तुमी सांगा की. तुमाला तर पाठ हाय."

ते ऐकून गौरीशंकरला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर सुटल्यासारखं वाटलं. आता पोपट दाखवावा लागणार नव्हता. आणि दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःची एवढी किळस आली की पुढचं ताट त्यानं तसंच सारलं. आपल्या चार थापा उघड्या पडू नयेत म्हणून आपण हिचे डोळे असतानाची सगळी वर्षं घालवली, हे त्याला त्या रात्री कळलं आणि नंतर ते एक दिवसही विसरता आलं नाही.

दिवाळी झाल्यावर जायचं ठरलं. योगीराज मालकांनी पुढच्या दोन जागा राखून ठेवल्या आणि त्या फेरीपुरता दुसरा आचारी बघितला. निकिता उमरग्याहून तयारीला आली. इन्सुलिन थंड राहावं म्हणून तिनं थर्मास आणला, आईच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या वेगळ्या पुड्यांत बांधल्या. इरकल ट्रंकेतून निघाली, तिला उन्हं दाखवली गेली. इरम्मा दिवसातून तीनदा विचारायची, तिथं चढ आहे का, पायऱ्या किती उंच आहेत, म्हातारीला शेंगाचटणी चालेल का? नेणाऱ्यापेक्षा जाणाऱ्याची घाई मोठी, आणि या घाईत तिला कितीतरी दिवसांनी भूक लागत होती. हे बघून गौरीशंकरला बरंही वाटायचं आणि भीतीही.

एकदा इरम्मा झोपल्यावर त्यानं निकिताला फोनवर ती गल्ली दाखवायला सांगितली. ती बोटानं रस्ता पुढं सरकवत गेली आणि तो चष्मा लावून वळणं पाठ करत बसला.

"अप्पा, तुमी तर ही लई वेळा बघितलीय न्हवं?" निकितानं विचारलं.

त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला. मुलगी बापाच्या तोंडाकडं बघत राहिली आणि तिला काय समजायचं ते समजलं. ती हळूच म्हणाली, अव्वाला सांगून टाका. तो म्हणाला, आता सांगून काय उपयोग, तिला एवढाच एक आनंद उरला आहे, तो कशाला काढून घेऊ?

बस पणजीला पोचली ती नेहमीच्याच मैदानात. नवा आचारी शेगडी पेटवत होता. गौरीशंकरनं जाता जाता सवयीनं वाकून जाळ कमी केला. मग इरम्माचा हात धरून तो निघाला. ती निळी इरकल नेसली होती, पिशवीत चटणीची पुडी होती. बाकीचे प्रवासी पुढं गेले होते हे त्याच्या दृष्टीनं बरंच झालं.

एक वळण झालं, दुसरं झालं आणि गल्ली समोर आली.

तो उभाच राहिला. फोनमध्ये ती चिंचोळी आणि चपटी दिसली होती. वाढताना ऐकलेले शब्द तर पिवळी, लाल, निळी एवढेच. पण सकाळचं ऊन भिंतीवर पडून समोरच्या भिंतीवर उडत होतं आणि सगळी गल्ली आतून दिवा लावल्यासारखी दिसत होती. एका खिडकीत कुणीतरी धुतलेली वाटी पालथी घातली होती. लोक इथं राहतात, जेवतात, हे त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. हे एवढं सुंदर असेल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि आता ते बघायला त्याच्या बायकोला डोळे नव्हते.

"आली का गल्ली?" इरम्मानं विचारलं.

"आली. हे... हे पिवळं घर. आन् पुढं, डाव्या हाताला, पोपटाचं..."

इरम्मानं हात लांब करून भिंत शोधली आणि तिच्यावर तळवा टेकवला.

"गाडीपाशी तुमची पावलं धडाधडा पडत व्हती," ती म्हणाली. "हितं आल्यावर तुमी माझ्यासारखं चाचपडत चालाय लागला. पहिल्यांदाच आलाव न्हवं?"

गौरीशंकरनं चटणीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मला ठावं हाय. लई वर्सं झाली. शेजारची धुरपदाबाई तुमच्या गाडीनं आली व्हती. तिनंच कौतुकानं सांगितलं, तुझा नवरा जागचा हलत न्हाय, आमी फिरून आलो की ताट तयार."

"मंग बोलली का न्हाईस?"

"दिसभर दुसऱ्याला वाढून माणूस घरी येतंय, आन् मलाबी कायतरी वाढतंय. ताट कसं ढकलू? मला वाटायचं, इचारत ऱ्हायलं की एक दिस तुमीच सांगाल. म्हनाल, चल, म्याबी बघितलं न्हाय, दोघं बघू." तिनं भिंतीवरचा हात काढला नाही. "तवा मला दिसत व्हतं. दोघांनी संगं पहिल्यांदा बघितलं असतं. एवढंच वाईट वाटतंय."

तो भिंतीला टेकून रडला. जाणारे-येणारे बघत होते. एक जोडपं फोटोसाठी उभं होतं, ते सरकून पलीकडं गेलं. इरम्मानं त्याला रडू दिलं. गप्प बसा म्हणाली नाही, जाऊ द्या असंही म्हणाली नाही.

बऱ्याच वेळानं तिनं पदर सावरला आणि त्याचा दंड धरला.

"आता सांगा," ती म्हणाली. "पोपट नगं. जे हाय ते."

गौरीशंकरनं डोळे पुसले. "तू हात लावलास ती भिंत पिवळी हाय," तो म्हणाला.

"कसली पिवळी? हळदीवानी?"

"न्हाय. पुरनाची डाळ शिजून पानी आटतंय, तवा असती तसली."

"मंग पुढं?"

"पुढं एक दार हाय, लाल. मिरची तेलात पडल्या पडल्या असती तसं. दारापाशी दोन चपला हायत. एक उलटी पडलीय."

"आन् निळं? निळं घर हाय म्हणत व्हता."

त्यानं मान वर करून पाहिलं. निळं घर खरंच होतं, चार पावलांवर. स्वयंपाकात निळं काहीच नसतं, म्हणून त्याला जरा विचार करावा लागला.

"तुझ्या लुगड्यासारखं," तो म्हणाला.

इरम्मानं पदराचं टोक हातात घेऊन बोटांनी चाचपलं आणि मान हलवली. मग दोघं पुढं निघाले. गल्ली तशी लहानच होती. ती संपायला त्यांना दुपार झाली.